बिनआवाजाची खेचरं

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू उघडलंस की वहिनीने, ठाऊक नाही. वहिनी, तुम्ही उघडलं असेल तर त्याचं जेवण झाल्यावर त्याच्या हातात द्या. उपाशीपोटी तो माझं नावही ऐकून घेणार नाही.

दादा, भांडण मिटवायला लिहीत नाही, कामाचं विचारायचंय. डेअरीवाल्याची ती तांबडी घोडी आठवते? चढावर धाप लागली की जिच्या गळ्यातून शिटी वाजायची? तू तिचा गळा उघडला होतास. मी क्लोरोफॉर्मचा तोबरा तिच्या नाकाशी धरून उभा होतो आणि बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते, हे तुझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. तर ते सगळं कसं केलंस ते मला नीट लिहून पाठव. चीर कुठून घेतलीस, किती खोल, आत बोट घातल्यावर पहिल्यांदा काय लागतं, रक्त खाली फुप्फुसात उतरू नये म्हणून काय केलंस. माझ्या पुस्तकात चित्र आहे, पण नेमका त्याच पानावर कुणीतरी चहा सांडलाय.

इथे एका खेचराला तसाच त्रास आहे. एकालाच. घाई काही नाही, पण उलट टपाली कळव.

माझं बरं चाललंय. दवाखाना म्हणजे एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीची शेड. साठेक खेचरं आहेत. कुणाच्या पाठीला खोगीर लागलेलं, कुणाचा नाल सैल, कुणाचं पोट फुगलेलं, हेच रोजचं काम. हाताखाली एक कंपाउंडर आहे. वयाने आपल्या काकांएवढा, आणि तोंड रेडिओसारखं. बंद करायचं बटण कुठे आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही. खेचरांत सगळ्यात पुढे चालणारी जी आहे तिला सगळे काकू म्हणतात, कारण दाण्याला जरा उशीर झाला की ती अख्ख्या छावणीला झापते. तिला सांभाळणारा जवान पैलवान. माणूस दारातून आडवा होऊन आत येतो, पण काकूच्या डोळ्यात कचरा गेला तर याच्या डोळ्याला पाणी.

तू त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, 'याला मांजर गुरगुरली तरी घाम फुटतो.' मी दुसऱ्याच दिवशी जाऊन सैन्यात सही केली. तो विषय आता काढत नाही. एवढंच सांगतो की इथे मांजरं नाहीत.

आईचे गुडघे कसे आहेत?

१७ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, गळ्याचं एक चित्र आणि खाली चार ओळी. वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा तू सही करतोस. पण चित्र असं काढलंयस की डोळे मिटूनही बोट बरोबर जागी जावं. शेवटी लिहिलंयस, 'जखम शिवू नकोस. उघडी ठेव, आतून भरत येते.' ते वाचून मला रडू आलं. कशाने आलं ते विचारू नकोस.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. सुट्टीवर निघालेला आमच्या स्वयंपाकघरातला माणूस आणून देईल. त्याला चहा द्या, जेवू घाला, आणि त्याच्यासमोर भांडं पाडू नका. का ते खाली लिहितो.

मी मागच्या वेळी खोटं लिहिलं. खेचर एक नाही, सगळीच आहेत. आणि त्रास एकालाही नाही.

पलीकडच्या ठाण्यावर आपली माणसं अडकली आहेत. त्यात जखमी आहेत, पीठ संपत आलंय. तिथे जायला वाट एकच, घळीतून. घळीच्या वर कड्यावर शत्रू बसलाय. सकाळी घळीत धुकं भरतं तेव्हा त्याला खालचं काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. मागच्या महिन्यात दुसरी एक तुकडी अशीच धुक्यातून निघाली. निम्म्या वाटेवर एक खेचर रेकलं. त्या तुकडीतून एकच माणूस परत आला. तोच हे पत्र घेऊन आलाय. आमच्याकडे तो भाज्या चिरायचा, आणि कुठे झाकण जरी पडलं तरी टेबलाखाली जाऊन बसायचा.

मेजरसाहेबांनी मला बोलावलं. वाईट माणूस नाही. बसायला खुर्ची दिली.

"डॉक्टर, खेचरांचा आवाज काढून टाकता येतो ना?"

"येतो," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं; गळा उघडल्यावर ती तांबडी घोडी पुन्हा कधी खिंकाळली नव्हती. नाही म्हणालो असतो तर कुणाला कळणार होतं? पण मग पलीकडची माणसं पीठ संपल्यावर काय खाणार होती, तेही मला कळत होतं.

पहिल्या खेचराच्या वेळी माझा हात असा थरथरत होता की कंपाउंडर म्हणाला, "साहेब, असं करू, सुरी मी स्थिर धरतो, तुम्ही खेचर हलवा." सगळे हसले, मीही हसलो, आणि त्या हसण्यात पहिली चीर पडून गेली. दुसरं नीट झालं. तिसरं उठलंच नाही. क्लोरोफॉर्म जास्त झाला. त्याचा जवान त्याच्या उशाशी बसून होता. त्याने पायांचे दोर सोडले, नीट गुंडाळले आणि जागेवर नेऊन ठेवले. पुढच्याला लागतील म्हणून.

त्यानंतर एकही गेलं नाही. तुझ्या चित्रामुळे. पण दादा, आता दाण्याची वेळ झाली की माना वर होतात, शेपट्या वर होतात, बरगड्या फुगतात, जबडे उघडतात आणि नुसता वारा येतो. लोहाराचे पन्नास भाते एकदम चालावेत तसा. ज्यांच्या जखमा ओल्या आहेत त्यांच्या गळ्यातून बारीक शिटी येते. पहिल्या दिवशी जवानांना गंमत वाटली. आता त्या वेळेला ज्याला काम नाही तो शेडपासून लांब जातो. मला जाता येत नाही.

मला भीती वाटते. खेचरांची नाही. आधी ती माझ्याकडे बघून ओरडायची तेव्हा त्यांना काय हवंय ते कळायचं. आता ती नुसती बघतात.

आईबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस. ती न लिहिलेली ओळ मी रोज वाचतो. जे असेल ते कळव.

२६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र छावणीत ठेवून जातोय. मी परत आलो नाही तर ते पाठवतील. आलो तर मीच पाठवीन, आणि मग तू हे लिहिणाऱ्याला हसायला मोकळा.

क्लोरोफॉर्म संपला. शेवटच्या बाटलीत होता तो मी मोजूनमापून पुरवला, तरी एक खेचर राहिलंच. काकू. पैलवान रोज तिला रांगेच्या शेवटी नेऊन उभी करायचा. 'आज नको, तिला सर्दी झालीय.' 'आज नको, तिचा मूड नाही.' मी रोज ऐकून घेत होतो. माझीही तिच्यावर सुरी चालवायची इच्छा नव्हती. आता पुढची पेटी कधी येईल सांगता येत नाही, आणि पलीकडे पीठ चारपाच दिवसांपुरतं उरलंय.

मी मेजरसाहेबांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मग ती मागे राहील."

"साहेब, बाकीची तिच्या मागून चालतात. ती पुढे नसेल तर घळीच्या तोंडाशी सगळी पाय रोवून उभी राहतील. काल करून बघितलं."

"मग शुद्धीवर असताना करा. बांधून."

पैलवान दाराशी उभा होता. तो आत आला आणि म्हणाला, "साहेब, तसं करायचं असेल तर आधी मला बांधा." आवाज चढवून नाही. फक्त सांगितलं. मीही म्हणालो की तसं मी करणार नाही. दादा, मी हे धीटपणे बोललो असं वाटेल. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो.

कंपाउंडर म्हणाला, गाढव शेपूट वर केल्याशिवाय रेकत नाही, खेचर त्याच्याच नात्यातलं, शेपटीला दगड बांधा. बांधला. काकू दगडासकट रेकली. दगड कंपाउंडरच्या गुडघ्यावर बसला. दिवसभर लंगडत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की दगड हलका पडला.

शेवटी मेजरसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही जनावरांचे डॉक्टर. तुम्ही सांगा. ओरडेल का?"

मी म्हणालो, "पोट भरलेलं असेल आणि मागे सोबत असेल तर नाही ओरडणार. एकटी पडली तर ओरडेल."

"नक्की?"

"नाही."

मग ते म्हणाले, "उद्या तुम्ही तिच्या शेजारून चाला. दोरी तुमच्या हातात. तिने तोंड उघडलं तर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत आहे. बंदूक चालवता येणार नाही. डोक्याच्या मागे, जिथे मानेचं पहिलं हाड सुरू होतं, तिथे अरुंद सुरी सरळ आत घातली की जनावर उभ्याउभ्या खाली बसतं. एक आवाज नाही. ती सुरी मी आत्ता धार लावून म्यानात ठेवली आहे. पैलवानाने मला धार लावताना बघितलं. त्याने काकूला खरारा केला आणि दाण्यात मूठभर गूळ घातला.

दादा, मला जेवण गेलं नाही. तू माझ्याबद्दल जे बोललास ते खोटं नव्हतं. तू ते लोकांसमोर बोललास, एवढंच माझं दुखणं होतं.

४ मार्च

दादा,

पलीकडच्या ठाण्यावरून लिहितोय. जिवंत आहे.

उजाडता उजाडता निघालो. धुकं इतकं की काकूचे कान दिसायचे आणि त्यापुढे काही नाही. सगळ्यांच्या खुरांना पोत्याचे तुकडे बांधले होते. डाव्या हाताने मी तिची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती, उजव्या हातात सुरी. पलीकडून पैलवान. त्याचा हात तिच्या नाकावर. वरती कड्यावरून माणसांचे आवाज येत होते. कुणीतरी खोकलं. कुणीतरी कपबशी खाली ठेवली. बशीचा आवाज ऐकू येण्याइतके ते जवळ होते. काकूने एकदा फुरफुर केली तर पैलवानाचा हात तिच्या नाकपुड्यांवर घट्ट बसला. पण ती ओरडली नाही. मान खाली घालून, भाजी आणायला निघाल्यासारखी चालत राहिली.

घळ संपली. ठाण्याच्या खालच्या वळणावर थांबून मेजरसाहेबांनी मोजणी केली. एक खेचर कमी, आणि कंपाउंडर नाही.

तो सगळ्यांच्या शेवटी चालत होता. मागे काय झालं कुणालाच कळलं नव्हतं. खेचर घसरलं तर ओरडणार कशाने? तो आवाज मीच काढून घेतला होता. आणि तो माणूस, जो झोपेतही बोलतो, तो का ओरडला नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यामुळे कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मेजरसाहेब म्हणाले, "धुकं अजून थोडा वेळ टिकेल. मी कुणाला हुकूम करणार नाही."

मी पुढे झालो असं समजू नकोस. पैलवानाने काकूला वळवलं, कारण बाकी एकही खेचर तिच्याशिवाय मागे फिरलं नसतं, आणि तिची दोरी माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती. ती सोडायला वेळ लागला. तेवढ्यात आम्ही पुन्हा घळीत होतो.

हाक मारता येत नव्हती. खाली वाकून, कान देऊन चाललो होतो. मग मला ती शिटी ऐकू आली. ओल्या जखमेतून श्वासाबरोबर येणारी, बारीक. दुसऱ्या कुणाला ती पाण्याची वाटली असती. मी दोन आठवडे ती ऐकत झोपलो होतो. वाटेच्या खाली पुरुषभर खोलीवर एक खडकाचा कट्टा होता. त्यावर खेचर पडलं होतं, आणि त्याच्याखाली कंपाउंडरचा पाय. शर्टाची बाही त्याने तोंडात कोंबलेली होती. मी ती ओढून काढली तर तो कुजबुजला, "साहेब, आधी त्याचं बघा. त्याचा मागचा पाय गेलाय."

सुरी त्या खेचरासाठी वापरली. ते खरंच एक आवाज न करता शांत झालं. पैलवानाने धड उचललं, मी कंपाउंडरला ओढलं. घोट्याखाली पाय उरला नव्हता. पट्टी घट्ट बांधून त्याला वर वाटेवर चढवलं आणि काकूच्या पाठीवर घातलं.

आणि धुकं विरळ व्हायला लागलं.

घळीच्या तोंडापाशी आलो. पुढे वळणावर बाकीची उभी होती. काकूला त्यांचा वास आला. तिचे कान ताठ झाले, मान वर गेली. तिच्या बरगड्या माझ्या खांद्याला लागून फुगत गेल्या. मला कळलं. पैलवानालाही कळलं. त्याने तिच्या नाकाला मिठी मारली आणि माझ्याकडे बघितलं. सुरी माझ्या हातात होती. जागा समोर होती.

माझा हात हलला नाही. दया आली म्हणून नाही, दादा. भीतीने हाताचं लाकूड झालं होतं. तुला खोटं सांगून काय करू?

काकू रेकली. पैलवानाला झटकून, मनापासून, छातीतून. तो आवाज या कड्यावर आपटला, त्या कड्यावर आपटला, आणि चारी बाजूंनी परत आला. क्षणभर मलाच कळेना ती कुठे उभी आहे. वरून गोळीबार सुरू झाला, पण समोरच्या उतारावर. तिथे दगड फुटत होते, झाडं मोडत होती, आणि आम्ही दोघं आणि कंपाउंडरला पाठीवर घेतलेली ती, पळत होतो. माझी पँट ओली झाली होती. ठाण्यावर पोहोचल्यावर सगळ्यांनी बघितली. कुणी हसलं नाही.

एक गोष्ट राहिली. आम्ही वळणावर पोहोचलो तेव्हा बाकीच्या सगळ्या खेचरांनी माना वर केल्या होत्या. काकूला उत्तर देत होती. जबडे उघडे, शेपट्या वर, आणि नुसता वारा. गोळीबाराच्या आवाजातही मला तो ऐकू येत होता.

ठाण्यावर माणसांचे डॉक्टर आहेत. त्यांनी कंपाउंडरचा पाय घोट्याच्या वर कापला. शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "दगड बसलेला तोच गुडघा का हो, साहेब? वाचला का?" गुडघा वाचलाय.

त्या डॉक्टरांकडे क्लोरोफॉर्म आहे. आणि जखमींना घेऊन याच वाटेने परत जायचंय. मेजरसाहेबांनी मला काही विचारलं नाही. मीच जाऊन सांगितलं, "करतो." पैलवानाला सांगायला गेलो तर त्याने आधीच पेंढा पसरून ठेवला होता. मी सुरी चालवली तेव्हा तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि हळूहळू तिच्या कानात काहीतरी बोलत होता. माझा हात अजिबात थरथरला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

२१ मार्च

दादा,

परत आलो. जखमींसकट, सगळे. घळीतून येताना इतकी शांतता होती की मला माझ्या पापण्यांचा आवाज येत होता. कंपाउंडरला मोठ्या इस्पितळात हलवलंय. जाताना नव्या माणसाला माझ्याबद्दल तासभर सूचना देऊन गेला.

तुझी चिठ्ठी इथे वाट बघत होती. किती वेळा वाचली सांगत नाही. 'आई बरी आहे. गुडघे तसेच. तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवतो, भीतीचं तेवढं गाळतो. त्यामुळे पत्र फार लवकर संपतं. पत्र आणणारा माणूस चार दिवस राहिला. वहिनीने सगळी भांडी कपड्यात गुंडाळून ठेवली होती. घरी कधी येतोस?' खाली सही आहे. पूर्ण नावानिशी, जशी तू दाखल्यावर करतोस तशी. मूर्ख माणसा, भावाला पत्र लिहिताना आडनाव कोण लिहितं?

कधी येतो ते सांगता येत नाही. ती वाट आता नेहमीची झाली आहे. पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. म्हणून आज दुपारी ट्रक आले. चाळीस नवी खेचरं. मागची फळी खाली पडली मात्र, सगळी एकदम रेकायला लागली. असा गोंगाट इथे कितीतरी दिवसांत झाला नव्हता. जवान हातातली कामं टाकून बाहेर आले. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या हातात अर्धा सोललेला बटाटा. नुसते ऐकत उभे राहिले. पैलवान काकूला धरून उभा होता. ती कान हलवत होती. तिने तोंड उघडलं नाही.

क्लोरोफॉर्म भरपूर आलाय. मेजरसाहेब म्हणाले, "आजपासून सुरू करा."

"साहेब, एक दिवस द्या."

"कशाला?"

"सुऱ्यांना धार लावायची आहे."

त्यांनी टेबलावरच्या सुऱ्यांकडे बघितलं. सगळ्या चकाकत होत्या. "लावा," म्हणाले, आणि स्वतःही बाहेर जाऊन उभे राहिले.

दादा, हे पत्र आईला वाचून दाखवताना काही गाळू नकोस. मी घाबरट आहे हे तिला तुझ्याही आधीपासून ठाऊक आहे. उद्या सकाळी पहिलं खेचर आडवं पाडायचंय. भीती आत्ताच वाटतेय, आणि ती उद्या जाणार नाही, परवाही नाही. तरी करीन. चाळीसच्या चाळीस शुद्धीवर यायला हवीत, एवढंच बघीन.

बाहेर अजून ओरडताहेत. पत्र इथेच थांबवतो. ऐकायला जायचंय.